तीन लाख सायटेशनवाला पेपर, आणि तो वाचतंय कोण?

कुठल्याही बायोकेमिस्टचं गूगल स्कॉलरवरचं (गूगलची शोधनिबंध शोधायची साइट) पान उघडलं की नजर आधी दोन आकड्यांवर जाते, एकूण सायटेशन किती आणि एच-इंडेक्स किती (तो काय ते पुढे येतंच). पेपर, म्हणजे शोधनिबंध, कशावर आहेत ते नंतर, वेळ उरला तर.

सायटेशन म्हणजे साधी गोष्ट आहे, मी पेपर लिहिताना तुमच्या कामाचा आधार घेतला आणि शेवटच्या संदर्भयादीत तुमचा पेपर टाकला की तुमच्या खात्यात एक सायटेशन जमा. हे पद्धतशीर नोंदवायचं काम युजीन गारफिल्ड यांनी सुरू केलं, १९६४ मध्ये त्यांचा सायन्स सायटेशन इंडेक्स आला.

आता जगात सगळ्यात जास्त सायटेशन कोणाला असतील? डीएनएची गोल जिन्यासारखी रचना सांगणाऱ्या पेपरला, असं वाटतं ना? तर नाही. २०१४ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या जर्नलने टॉप शंभर पेपरांची यादी छापली त्यात वॉटसन-क्रिकचा १९५३ चा तो डीएनएचा पेपर नव्हताच! पहिला नंबर होता ऑलिव्हर लाउरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९५१ च्या पेपरचा, ३ लाखांच्या वर सायटेशन, आणि त्या पेपरात आहे काय तर सॅम्पलमध्ये प्रोटीन किती आहे ते कसं मोजायचं. तांब्याचा क्षार आणि फोलिन रीएजंट टाकायचं, द्रावण निळं होतं, निळा जितका गडद तितकं प्रोटीन जास्त. बस. दुसरा लेमली, १९७०, तिसरा ब्रॅडफर्ड, १९७६, आणि ब्रॅडफर्डचा पेपरसुद्धा प्रोटीन मोजण्याचाच, फक्त रंग वेगळा वापरलाय, कूमासी ब्लू, जो मुळात लोकर रंगवायला वापरायचे.

लेमलीचा किस्सा मला सगळ्यात भारी वाटतो. त्यांचा पेपर आहे बॅक्टेरियाला खाणाऱ्या टी४ व्हायरसचं डोकं तयार होताना कुठली प्रोटीन कापली जातात यावर. पण त्या कामासाठी त्यांनी जेलवर प्रोटीन वेगळी करायची जी पद्धत सुधारून घेतली ती जगभरच्या लॅबनी उचलली, आजही त्यासाठी लागणाऱ्या द्रावणाच्या बाटलीवर 'लेमली बफर' लिहिलेलं असतं, आणि २ लाखांहून जास्त वेळा सायटेशन देणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या व्हायरसच्या डोक्याशी काही देणंघेणं नाही. म्हणजे हा आकडा शोध किती मोठा ते सांगतच नाही, ती वस्तू किती हातांनी वापरली ते सांगतो. कुणी पेपर चुकीचा आहे म्हणून झोडपायला संदर्भ दिला तरी तो एक सायटेशनच धरला जातो, आणि स्वतःच स्वतःला दिलेला पण.

मग २००५ मध्ये होर्हे हर्श या फिजिक्सवाल्याने एच-इंडेक्स आणला. एच-इंडेक्स २० म्हणजे तुमच्या २० पेपरांना प्रत्येकी निदान २० सायटेशन आहेत. एखाद-दुसऱ्या हिट पेपरवर आयुष्यभर मिरवणाऱ्याला हा आकडा बरोबर पकडतो, पण मग उलटा घोळ होतो, लाउरींच्या तीन लाखवाल्या पेपरने त्यांचा एच-इंडेक्स वाढणार फक्त एकने! शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही, त्यामुळे वय झालेला प्रोफेसर आणि नुकतीच पीएचडी झालेली पोरगी यांची तुलना करणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. गणितवाल्यांशी तर करूच नका, त्यांच्या संदर्भयाद्याच मुळात छोट्या असतात.

अजून एक, बायोकेमिस्ट्रीत नावांचा क्रम बघायला शिका. साधारणपणे पहिलं नाव ज्याने हाताने प्रयोग केले त्याचं आणि शेवटचं लॅबच्या प्रमुखाचं, मधल्या आठ-दहा जणांपैकी कुणी काय केलं ते एकूण आकड्यावरून काही कळत नाही.

आणि काही कामं इतकी मुरतात की त्यांना सायटेशन मिळणंच थांबतं. हान्स क्रेब्स यांनी सायट्रिक अॅसिड सायकलचं (पेशी अन्नातून ऊर्जा काढते त्या चक्राचं, यालाच क्रेब्स सायकल म्हणतात) काम १९३७ मध्ये 'नेचर'ला पाठवलं होतं, ते परत आलं, मग त्यांनी ते 'एन्झायमॉलॉजिया' नावाच्या जर्नलमध्ये छापलं. १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज कुणीही 'क्रेब्स सायकल' असं बिनधास्त लिहून पुढच्या वाक्याला जातो, खाली संदर्भ द्यायचं त्याच्या मनातही येत नाही.