निसर्ग वादळाआधीच कोळीवाडे कसे खचले होते

3 जून 2020 ला दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं, वारा ताशी 110-120 किमी. बातम्यांत आडव्या झालेल्या नारळ-सुपारीच्या वाड्या दिसल्या, ते नुकसान मोठंच होतं, पण कोळीवाड्यांचं दुखणं समजून घ्यायचं तर निदान आदल्या दिवाळीपर्यंत मागे जायला हवं.

2019 च्या ऑक्टोबरअखेर क्यार वादळ आलं, पाठोपाठ नोव्हेंबरात महा नावाचं दुसरं. दोन्ही आपल्या किनाऱ्याला धडकली नाहीत पण धंद्याचे ऐन दिवस बोटी बंदरात बांधून गेले, आणि बोट उभी राहिली म्हणून खलाशांना दिलेली उचल आणि डिझेलची उधारी काही थांबत नाही. त्यातून जरा सावरतायत तोवर मार्चमध्ये लॉकडाऊन. मासेमारीला नंतर सूट मिळाली तरी बर्फ, गाड्या, मुंबईची मार्केटं, सगळंच अडलेलं. म्हणजे वादळ आलं तेव्हा घरात पैसा नव्हताच.

आणि आलं ते ऐन आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर. होड्या वर ओढून शाकारायचे दिवस, शिवाय इशारा आधी मिळाला, त्यामुळे समुद्रात माणसं नव्हती हे खरंच नशीब (2009 च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा बोटी बाहेर होत्या, काही परत आल्याच नाहीत). पण याच दिवसांत बायकांनी उन्हाळाभर वाळवलेली सुकट, सोडे, बोंबील पोत्यांत भरून माळ्यावर ठेवलेले असतात. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा घरखर्च त्या विक्रीवरच चालतो. पत्रे उडाले, माल भिजला, परत वाळवायचं तर ऊन नाही, लाईट कितीतरी दिवस नाही, शेवटी आळ्या पडलेला माल टाकून द्यावा लागला. मदतीच्या निकषांत घर, झाड, होडी, जाळं आहे, सुक्या मासळीचं नावच नाही. मला हे नुकसान सगळ्यात जास्त लागतं, कारण ते मोजलंच गेलं नाही.

घरांचंही तेच. पिढ्यानपिढ्या किनाऱ्यावर राहतात पण कित्येकांच्या नावावर जागेचा कागद नाही, कोळीवाड्यांचं सीमांकन वर्षानुवर्षं रखडलेलं, मग मोडलेलं घर मोजायचं कुणाच्या नावावर?

केंद्राच्या तेव्हाच्या निकषात पूर्ण मोडलेल्या होडीला 9,600 रुपये होते. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा राज्याने हीच रक्कम 25 हजार धरली. तेवढ्यात होडीचं इंजिनसुद्धा येत नाही.