जांभ्यातले पाणी, काचेच्या पट्टीवर

जांभ्याचा, म्हणजे कोकणातल्या तांबड्या सच्छिद्र दगडाचा, वाळलेला चिरा घेऊन त्यावर तांब्याभर पाणी ओतले, तर ते पाहता पाहता आत मुरते आणि थोड्या वेळाने त्यातले काही खालून निथळते; पण निथळणे थांबल्यावरही चिरा कितीतरी वेळ हाताला ओला आणि जड लागतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात मे महिन्यात विहिरी तळ का गाठतात, याच्या उत्तराचा एक भाग या चिऱ्यात आहे. सड्यावरचे, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचे, बरेच पाणी उतारावरून वाहून जाते हे खरेच. परंतु जे मुरते, त्यातले किती विहिरीला मिळणार हे दगडातील छिद्रे ठरवतात.

हेन्री डार्सी यांनी १८५६ मध्ये वाळू भरलेल्या नळकांड्यांतून पाणी सोडून प्रवाहाचा जो नियम मांडला, त्यावर भूजलशास्त्र आजही उभे आहे. किती पाणी गेले हे त्या नियमाने कळते; ते कोणत्या वाटेने गेले आणि कुठे अडले, हे मात्र दगडाआड राहते. ते डोळ्यांना दिसावे म्हणून मायक्रोफ्लुइडिक चिप वापरतात. दगडाच्या पातळ कापाचे छायाचित्र घेऊन त्यातील छिद्रांचा नकाशा प्रकाशाच्या साहाय्याने साच्यावर उतरवतात, त्या साच्यावर पारदर्शक सिलिकॉन रबर ओतून घट्ट करतात आणि सोलून काचेवर चिकटवतात. केसाहूनही बारीक वाटांचे असे जाळे तळहातावर मावते. त्यात रंगीत पाणी सोडायचे आणि सूक्ष्मदर्शकातून पाहत राहायचे.

चिपमधील पाणी हवेने हटवू लागलो, की हवेची कड अरुंद गळ्यापाशी थबकते, दाब पुरेसा वाढला की एकदम पुढच्या पोकळीत उडी घेते आणि पुन्हा थबकते. या उड्यांमध्ये ती रुंद वाटा निवडत जाते, बारीक वाटांतील पाणी मागेच राहते, आणि सर्व बाजूंनी हवेने वेढलेली पाण्याची बेटे तयार होतात. हा केशाकर्षणाचा, म्हणजे बारीक वाटेने पाणी ओढून धरण्याचा, परिणाम आहे. १ मिलिमीटर त्रिज्येची नळी जेमतेम दीड सेंटिमीटर उंचीचे पाणी धरून ठेवू शकते, तर ०.०१ मिलिमीटर त्रिज्येची नळी सुमारे दीड मीटर. जांभ्यात दोन्ही प्रकारच्या वाटा असतात. रुंद नळ्यांतले पाणी खालच्या शेडीच्या (पाणी सहज न मुरू देणाऱ्या चिकणमातीच्या) थरापर्यंत उतरून झऱ्यांवाटे निघून जाते. बारीक छिद्रांतले दगडातच राहते, पण पोहऱ्यात येत नाही. ही गोष्ट पुस्तकात वाचणे आणि ते बेट प्रत्यक्ष अडकताना पाहणे यांत फार अंतर आहे, असे मला वाटते.

चिपला मर्यादाही आहेत. ती सपाट असते. खऱ्या दगडात पाण्याला वरून-खालून वळसा घालता येतो. शिवाय लोहाच्या ऑक्साइडांनी माखलेल्या जांभ्याचा पृष्ठभाग रबरासारखा वागत नाही. म्हणून काही संशोधक वाटांच्या भिंतींवर खनिजांचा लेप देतात, तर काही खऱ्या दगडाचा पातळ काप चिपमध्ये बसवतात.

किनाऱ्यालगतच्या विहिरींसाठी या चिपमधले आणखी एक दृश्य महत्त्वाचे आहे. इतक्या बारीक वाटांत पाणी घुसळले जात नाही. जिथे प्रवाह पोहोचत नाही तिथे मीठ केवळ विसरणाने, म्हणजे जास्त खाऱ्या भागातून कमी खाऱ्या भागाकडे आपोआप पसरत, सरकते, आणि ०.१ मिलिमीटर अंतराला काही सेकंद पुरत असले, तरी १ सेंटिमीटरसाठी कित्येक तास लागतात. खाऱ्या पाण्याला रंग देऊन मागून गोडे पाणी सोडले, तर मुख्य वाटा लगेच स्वच्छ होतात. बाजूच्या बंद कोपऱ्यांत मात्र रंग टिकून राहतो आणि थोडा थोडा बाहेर झिरपत राहतो. बेसुमार उपशाने एकदा मचूळ झालेली विहीर एका पावसाळ्यात गोडी होईलच असे नाही, त्यामागचे एक कारण या कोपऱ्यांत दिसते.