१६० चौरस फुटांचा संसार

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी सरकारनं कामगारांसाठी बांधलेल्या चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नवं घर ५०० चौरस फुटांचं, मागे सुटलेली खोली १६० चौरस फुटांची. त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी पाचशेचा आकडा होता आणि ते साहजिकच होतं. मला मात्र जुन्या आकड्याबद्दल विचारावंसं वाटतं. आईबाप, तीन-चार पोरं, गावाहून आलेली आजी, नोकरी शोधणारा काका, एवढ्यांचा संसार एका खोलीत मावतो हे ठरवलं कोणी?

असं कोणी बसून ठरवलं नव्हतं. एका खोलीचं बिऱ्हाड ही मुळात कुटुंबासाठी निघालेली सोयच नव्हे. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली कापड गिरणीची कंपनी काढली, १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत लालबाग, परळ, वरळी, भायखळा हा सगळा पट्टा भोंग्यांवर जगू लागला. कामाला आला तो रत्नागिरीचा, साताऱ्याचा, कोल्हापूरचा गडी. तो एकटा आला. बायको, पोरं, म्हातारी माणसं गावी शेत धरून राहिली, कारण गिरणीच्या पगारात मुंबईत घर चालत नव्हतं आणि शेत सोडून दिलं तर परतायला जागा उरत नव्हती. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. त्या एकट्या पुरुषाला लागत होती ती ट्रंक ठेवायला आणि पाठ टेकायला जागा. घरमालकांनी तेवढीच बांधली.

गावकीच्या खोल्या म्हणजे तर त्या काळातली खोली किती ताणली जाऊ शकते याचा कळसच. एका गावची वीस-तीस माणसं मिळून एक खोली भाड्यानं घेत. भाडं वर्गणीनं. भिंतीकडेला ट्रंका रचलेल्या, वर खुंट्यांवर कपडे. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की त्याच्या चटईवर तिसऱ्या पाळीचा येऊन पडायचा. जेवण खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या हिशेबानं. धोबीतलावाच्या बाजूला गोव्याच्या गावांचे कूड, म्हणजे त्या त्या गावच्या माणसांसाठी उतरायच्या सामायिक जागा होत्या, त्याही याच जातीच्या. बोटीवर जाणारा खलाशी दोन सफरींच्या मधे तिथं उतरायचा. या सगळ्यात मूल कुठं निजेल, बाळंतीण कुठं राहील हा प्रश्नच कोणाला पडलेला नव्हता, कारण ती दोघं गावी होती असं धरूनच चाललं होतं.

मग १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला. डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरनं ती साथ ओळखली. सरकारी माणसं पहिल्यांदाच त्या कोंदट खोल्यांत शिरली आणि हादरली. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहरात हवा खेळावी म्हणून ट्रस्टनं दाट वस्ती पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले. पण सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टनं पाडलेल्या खोल्या बांधलेल्यांपेक्षा जास्त होत्या, म्हणजे उरलेल्या खोल्यांत गर्दी आणखी वाढली. ट्रस्टनं स्वतःच्या ज्या चाळी उभ्या केल्या, त्यांना आपण बीआयटी चाळी म्हणतो. भिंती पक्क्या झाल्या, जिने चांगले झाले. खोली मात्र पुन्हा एकच.

इथं एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शाळेत असताना त्यांचं कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होतं. त्या खोलीत भांडीकुंडी, सरपण, जातं आणि एक शेळीसुद्धा होती. अभ्यासाला आणि झोपेला एकाच वेळी जागा पुरत नव्हती. म्हणून सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग त्याला उठवायचे आणि त्याच्या जागेवर आडवे व्हायचे. मुलगा दिव्यापाशी पुस्तक घेऊन बसायचा. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. पुढे १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षं आंबेडकर कुटुंब परळच्या बीआयटी चाळ क्रमांक एकमध्ये, ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्यांत राहिलं. एक बाप आपली झोप मुलाला जागा म्हणून देतो, हे त्या एका घरापुरतं नव्हतं. गिरणगावातल्या कितीतरी घरांत हेच चालत आलं; फक्त ती नावं कोणाला ठाऊक नाहीत.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये ते निघालं. ५० हजार खोल्या बांधायचा बेत होता आणि त्यासाठी कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात झाल्या २०७ चाळी: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला अधिक तीन, मजल्याला वीस खोल्या, मधून पॅसेज, नळ आणि संडास सामायिक. भिंती काँक्रीटच्या. सुरुवातीला तर कामगार तिकडं फिरकेनात. भाडं परवडत नव्हतं, गिरणी लांब पडत होती, बऱ्याच खोल्या रिकाम्या राहिल्या. वरळीच्या काही चाळी सविनय कायदेभंगाच्या काळात चक्क तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. जी खोली कैद्यांना कोंडायला चालली, तीच नंतर चार पिढ्यांचं घर झाली, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

त्याच सुमाराचा आणखी एक आकडा आहे. १९२१ मध्ये महापालिकेच्या आरोग्य खात्यानं खोल्यांच्या संख्येनुसार बालमृत्यूचं प्रमाण मांडलं. एका खोलीत जन्मलेल्या बाळांत ते हजारी आठशेच्या वर होतं. चार किंवा जास्त खोल्यांच्या घरात दीडशेच्याही आत. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, ते जन्म मुंबईत नोंदले जात नसत, मूल इथं दगावलं तर तो मृत्यू मात्र नोंदला जाई, त्यामुळे पहिला आकडा फुगलेला दिसतो हे खरं. पण ते सगळं वजा केलं तरी फरक उरतोच. आई गिरणीत आणि तान्हं मूल खोलीत, अशा घरांत बाळागोळी चालायची. त्या गोळीत अफू असे, मूल दिवसभर गुंगीत पडून राही. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

कुटुंबं खऱ्या अर्थानं खोलीत आली ती पुढच्या वीस-तीस वर्षांत. नोकरी कायम झाली, गावचं शेत तुकड्यातुकड्यांत वाटलं गेलं, पोरांना मुंबईच्या शाळेत घालावंसं वाटू लागलं. आणि नेमकं तेव्हाच खोलीचं दार मागून बंद झालं. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. त्या कायद्यानं लाखो गरिबांना रस्त्यावर येण्यापासून वाचवलं, हे मी मनापासून मानतो. पण भाडं गोठलं तसा मालकानं दुरुस्तीतून हात काढला, खोलीला पागडी आली, आणि हातची खोली सोडून दुसरी मिळणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेलं. थोरल्याचं लग्न झालं, तो त्याच खोलीत. धाकट्याचं झालं, तोही तिथंच. १९६९ साली जुन्या चाळींच्या दुरुस्तीसाठी कायदा करावा लागला, तेव्हा मुंबई शहरात उपकर भरणाऱ्या इमारती होत्या १९,६४२.

आता जरा हिशेब करून पाहू. खोली दहा बाय सोळा धरा. मोरीचे नऊ चौरस फूट गेले. ओटा आणि भांड्यांच्या मांडणीचे पंधरा, लोखंडी कपाटाचे सहा, कॉटचे अठरा. पाण्याचं पिंप, ट्रंका, शिलाई मशीन यांचे आणखी बारा. उरले शंभर. आडव्या झालेल्या माणसाला सहा बाय दोन, म्हणजे बारा चौरस फूट लागतात. कॉटवर एक, खाली सहा. सहांचे झाले बहात्तर. राहिलेल्या अठ्ठावीस फुटांतून रात्री पाणी प्यायला उठणाऱ्यानं कोणाच्या हातावर पाय न देता मोरीपर्यंत जायचं. म्हणून अंथरुणांचा क्रम ठरलेला असे. सकाळी लवकर पाणी भरणारी सून मोरीच्या बाजूला, शाळकरी पोरं भिंतीशी, म्हातारी दाराजवळ. नवं लग्न झालेलं असलं की बाकीचे पुरुष वळकटी काखेला मारून गॅलरीत किंवा गच्चीवर निघून जात. त्यावर कोणी शब्द बोलत नसे. काही ठिकाणी पोटमाळा काढलेला असे, नाही तर दांडीवर जुनं लुगडं टाकून पडदा.

जे खोलीत मावत नव्हतं ते बाहेर गेलं. निवडणं-टिपणं, केस विंचरणं, पोरांचा अभ्यास, भांडणं, सगळं गॅलरीत. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणपती बसला तो चाळीच्या अंगणात. लिज्जत पापड १५ मार्च १९५९ रोजी सुरू झाला तो गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर, सात बायका आणि ८० रुपये उसनवारीवर. गिरणी कामगारांना जेवण करून घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. त्या बायकांचा सगळा धंदा त्याच खोलीतल्या एका ओट्यावर चालत होता. आणि वरळीच्या सुदाम काळू अहिरे मार्गाला लोक अभ्यास गल्ली म्हणतात ते उगीच नाही. बीडीडी चाळींतली पोरं रात्री तिथल्या दिव्यांखाली पुस्तकं घेऊन बसत आली आहेत.

‘मनात जागा असली की घरात होते’ असं आपल्याकडे म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. सगळं घर निजल्यावर शेवटी टेकणारी आणि नळ यायच्या आधी उठणारी बाई होती, म्हणून घरात जागा होत होती. पॅसेजच्या टोकाच्या संडासाला रात्री एकटीनं जायला नको म्हणून तहान लागली तरी पाणी न पिणाऱ्या मुली होत्या. चाळीच्या आठवणी सांगताना आपण दिवाळीचा फराळ सांगतो आणि हे गाळतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, बहुतेक परत गेलेच नाहीत. ज्या गिरणीमुळे खोली होती ती गिरणी गेली, खोली उरली. २०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची मोठी सोडत निघाली, ती घरं २२५ चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसनाचं घरही आधी २२५, मग २६९, मग ३०० असं सरकलं. तीस वर्षांत पंचाहत्तर चौरस फूट वाढले, म्हणजे आपल्या वरच्या हिशेबानं सहा माणसांच्या झोपण्याइतके. बीडीडीला ५०० मिळाले ते सरकारची जमीन आणि रहिवाशांनी वर्षानुवर्षं धरलेला नेट, या दोन्हींमुळे.

पण वरळी, नायगाव आणि डिलाईल रोडच्या चाळींच्या जागी नवी घरं बांधायचं काम सुरू झालं तेव्हा शिवडी बाहेर राहिली. तिथली जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्राची. बारा चाळी, चाळीला ऐंशी खोल्या. मोजमाप तेच, शंभर वर्षांपूर्वीचं.