घरी व्हिडिओ सर्व्हर लावताय? मशीन ठरवायच्या आधी हे वाचून घ्या

सर्व्हर म्हटलं की आधी प्रोसेसरचे कोअर मोजायची सवय असते. आमच्याकडे येणाऱ्या याद्या पण तशाच, भरपूर कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, वर गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड, आणि काम काय म्हणून विचारलं तर घरातले पिक्चर नि जुने व्हिडिओ हॉलमधल्या टीव्हीवर लावायचे. यातलं निम्मं सामान नुसतं बसून वीज खाणार. आम्ही ते विकून मोकळे होऊ शकतो, पण मग "एवढा खर्च केला तरी सबटायटल लावलं की अडकतंय" असा फोन येतो, त्यापेक्षा आधीच सगळं सांगितलेलं बरं.

आधी बघा, ट्रान्सकोडिंग लागतंय का

फाईल आहे तशी टीव्हीला चालत असेल तर सर्व्हरला डोकं लावावंच लागत नाही, डिस्कवरून वाचायचं आणि नेटवर्कवर सोडायचं, बस. याला डायरेक्ट प्ले म्हणतात आणि एवढं काम जुना लॅपटॉपही आरामात करतो. कधी नुसता एमकेव्ही कंटेनर (चित्र नि आवाज एकत्र बांधणारा फाईलचा प्रकार) चालत नाही, कधी डीटीएस किंवा ट्रूएचडी आवाज चालत नाही, तेव्हा सर्व्हर तेवढंच बदलून देतो, तेही फार जड नाही. जड काम म्हणजे चित्र पूर्ण डीकोड करून परत नव्याने एन्कोड करायचं, आणि तेसुद्धा पिक्चर चालू असताना, बघणाऱ्याच्या दोन पावलं पुढे राहून. हेच ट्रान्सकोडिंग.

ही वेळ कधी येते तर समोरच्या डिव्हाइसला कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, कळत नाही तेव्हा (ब्राउझरमध्ये एचईव्हीसी कोडेकची फाईल उघडून बघा, कुठे चालेल कुठे नाही), बाहेरून बघताना नेट कमी पडतं तेव्हा, एचडीआर (जास्त उजेड-रंगांचा) पिक्चर साध्या स्क्रीनवर लावला तेव्हा, आणि सगळ्यात जास्त वेळा लोकांच्या लक्षातच न येणारं कारण म्हणजे सबटायटल. एसआरटी सबटायटल म्हणजे साधा मजकूर, तो टीव्ही स्वतः वर काढतो. पण ब्लू-रेवरून आलेलं पीजीएस सबटायटल म्हणजे चित्रं असतात, आणि बऱ्याच टीव्ही ॲपना ती दाखवता येत नाहीत, मग सर्व्हरला ती चित्रं प्रत्येक फ्रेमवर चिकटवून अख्खा व्हिडिओ परत एन्कोड करावा लागतो. म्हणजे ४के पिक्चर मस्त चालू असतो, कुणीतरी रिमोटवर सबटायटल दाबतं आणि सर्व्हरचा पंखा ओरडायला लागतो. त्याच पिक्चरची एसआरटी फाईल बाजूला ठेवली की हा प्रश्न संपतो, फुकटात.

म्हणून आमचं पहिलं म्हणणं असं की सर्व्हरच्या आधी टीव्हीला लावायचा बॉक्स चांगला घ्या. एचईव्हीसी, एव्ही१ (आणखी एक नवा कोडेक), एचडीआर, पीजीएस हे सगळं स्वतः चालवणारा बॉक्स असेल तर घरातलं ट्रान्सकोडिंग जवळपास शून्यावर येतं. आणि टीव्हीच्या लॅन पोर्टवर आंधळा भरवसा ठेवू नका. बऱ्याच टीव्हींना पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो, आणि ४के ब्लू-रेचा डेटा १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे केबल लावलीय तरी अडकतंय आणि शिव्या मात्र सर्व्हरला. अशा टीव्हीवर चांगलं वायफाय केबलपेक्षा बरं चालतं, ऐकायला उलटं वाटेल पण तसंच आहे.

कोअर नाही, ग्राफिक्स बघा

आता समजा ट्रान्सकोडिंग लागणारच आहे. नुसत्या प्रोसेसरच्या जोरावर करायचं तर प्लेक्स या व्हिडिओ सर्व्हर सॉफ्टवेअरवाल्यांचा स्वतःचा अंदाज असा आहे की १०८०पी एच.२६४ (जुना, जवळपास सगळीकडे चालणारा कोडेक) च्या एका स्ट्रीमला पासमार्क या वेग-चाचणीचे साधारण २००० गुण लागतात आणि ४के एचडीआरच्या एकाच स्ट्रीमला १७०००. एका स्ट्रीमला! घरात दोघांनी वेगवेगळं लावलं की भल्याभल्या प्रोसेसरला घाम फुटणार. पण हेच काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्स चिपच्या व्हिडिओ इंजिनला दिलं तर तो प्रोसेसर निवांत बसून राहतो. इंटेलने हे क्विक सिंक नावाने २०११ पासून द्यायला सुरुवात केली, आणि घरच्या सर्व्हरसाठी आम्ही डोळे झाकून इंटेलकडे बोट दाखवतो ते यामुळेच.

फक्त पिढी बघून घ्या. ६व्या पिढीत एचईव्हीसी आलं पण ८ बिटचं (कमी रंगछटांचं), एचडीआर पिक्चर सगळे १० बिटचे, आणि ते नीट जमायला लागलं ७व्या पिढीपासून, त्यामुळे त्याच्या खालचं सेकंडहँड मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी या कामाला घेऊ नका. ११व्या पिढीपासून एव्ही१ डीकोड होतं. एव्ही१ मध्ये एन्कोड करायचं असेल तर इंटेलचं आर्क ग्राफिक्स कार्ड किंवा कोअर अल्ट्रा प्रोसेसर लागतो, पण ती गरज अजून फार कमी घरांत असते, बहुतेक डिव्हाइसना एच.२६४ दिलं तरी चालतं. आणि मॉडेल नंबरच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्सच नाही. गेमिंगवाल्यांना चालतं, तुम्हाला नाही, बिल करण्याआधी ते एक अक्षर बघायचंच.

साध्या घराला काय घ्यायचं तर २०२३ च्या सुरुवातीला आलेला इंटेलचा एन१०० प्रोसेसर बसवलेला मिनी पीसी. चार छोटे कोअर, ६ वॅटची चिप, दिसायला अगदीच किरकोळ, पण ४के एचडीआरचे दोन-तीन स्ट्रीम १०८०पी करून देणं त्याला जड नाही. मर्यादा त्याच्या दुसरीकडे आहेत, रॅमचं एकच चॅनेल आणि मोजक्याच पीसीआय लेन (डिस्क नि कार्ड जोडायच्या वाटा), त्यामुळे आठ-दहा डिस्क जोडायच्या असतील तर तो नको, मग सरळ डेस्कटॉपचा कोअर आय३ किंवा आय५ घेऊन मोठ्या कॅबिनेटमध्ये बसवू.

एएमडीच्या चिप वाईट नाहीत, जेलीफिन या सर्व्हर सॉफ्टवेअरवर चालतातही, पण एच.२६४ एन्कोडची क्वालिटी इंटेलइतकी नसते आणि सॉफ्टवेअरचा सपोर्ट कुठे आहे कुठे नाही, त्यामुळे घरात पडून असेल तर वापरा, मुद्दाम घेऊ नका. एनव्हीडियाची क्वालिटी उत्तम, पण जीफोर्स कार्डांवर एका वेळी किती एन्कोड चालतील याला ड्रायव्हरमध्येच मर्यादा घातलेली आहे (ती हळूहळू वाढवत नेलीय, आता घरात अडचण येऊ नये) आणि वेगळं कार्ड म्हणजे काही चालू नसतानाही वीज जाणार. जुन्या मशीनला जीवदान द्यायचं असेल तर आर्क ए३१० किंवा ए३८० हा चांगला मार्ग, एव्ही१ एन्कोडसकट मिळतं. फक्त बायोसमध्ये एएसपीएम (रिकाम्या कार्डाची वीज वाचवणारी सेटिंग) चालू नसेल तर कार्ड रिकामं बसूनही बरीच वीज घेतं, तेवढं आम्ही सेट करून देतो.

तयार नॅस (नेटवर्कवरून फाईली देणारा डिस्कचा डबा) घेणाऱ्यांनी नवीन मॉडेल म्हणजे चांगलं मॉडेल असं धरू नका. सिनॉलॉजीच्या डीएस९२०+ मध्ये इंटेलचा जे४१२५ होता, ट्रान्सकोडिंग व्हायचं, त्याच्या नंतरच्या डीएस९२३+ मध्ये एएमडीचा आर१६०० आला ज्यात ग्राफिक्सच नाही. फाईल ठेवायला उत्तम, ट्रान्सकोडिंगला नाही. रास्पबेरी पाय ५ बद्दल पण रोज विचारणा होते, त्यात हार्डवेअर एन्कोडर नाही, डायरेक्ट प्लेपुरतं घ्या. आणि ऑफिसमधून निघालेले दोन-दोन झिऑन प्रोसेसरवाले रॅक सर्व्हर, स्वस्त असतात हे खरं, पण झिऑन ई५ मध्ये ग्राफिक्स नाही, आवाज असा की शेजारच्या खोलीत झोपता येणार नाही.

विजेवरून आठवलं, हिशोब साधा आहे, २४ तास चालणाऱ्या मशीनचा दर १० वॅट म्हणजे वर्षाला जवळपास ८८ युनिट. मिनी पीसी आणि जुना रॅक सर्व्हर यांच्यात सहज १०० वॅटचा फरक पडतो, तुमच्या बिलातला दर लावून बघा आणि मग 'स्वस्त' मिळालाय का ते ठरवा.

सॉफ्टवेअरचं थोडं

प्लेक्स वापरायला सोपं, पण हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला (ग्राफिक्सच्या जोरावर होणाऱ्या) प्लेक्स पास ही पैशाची मेंबरशिप लागते, आणि एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःचे व्हिडिओ बघायलाही पैसे मोजावे लागतात. एम्बी या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही हार्डवेअर ट्रान्सकोडिंग प्रीमियर या पैशाच्या मेंबरशिपमध्येच. जेलीफिन पूर्ण फुकट, २०१८ मध्ये एम्बीतूनच फुटून निघालेलं, सेटिंगला थोडा वेळ जातो एवढंच. मशीन दमदार आणि तरी ट्रान्सकोडिंग प्रोसेसरवरच होतंय अशी तक्रार आली की बहुतेक वेळा प्लेक्स पास नसतो किंवा डॉकरच्या (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या) कंटेनरला ग्राफिक्सचं डिव्हाइस जोडायचं राहिलेलं असतं. एचडीआर पिक्चर साध्या स्क्रीनवर फिकट, धुतल्यासारखा दिसत असेल तर टोन मॅपिंग (एचडीआरचे रंग साध्या स्क्रीनला जुळवून घेणं) बंद आहे. सगळा जांभळा-हिरवा दिसत असेल तर डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या एका प्रकारातली प्रोफाइल ५ ची फाईल असणार, टीव्ही खराब झालेला नाही.

रॅम ८ जीबी पुरते, १६ घेतली तर मोकळं वाटेल, त्याच्या वर नुसत्या व्हिडिओसाठी नको. सिस्टीम आणि पोस्टर वगैरेचा डेटा एसएसडीवर, पिक्चर हार्डडिस्कवर, ट्रान्सकोडच्या तात्पुरत्या फाईली एसएसडीवर किंवा रॅममध्ये. हार्डडिस्क सीएमआर घ्या. एसएमआर डिस्कवर डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, ती रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडून, एक गेली तरी चालावं अशी रचना) लावली आणि एक बदलायची वेळ आली की रिबिल्ड रखडत बसतं. रेड म्हणजे बॅकअप नाही, चुकून डिलीट केलेला घरचा व्हिडिओ रेडमधल्या सगळ्या डिस्कवरून एकदमच जातो, पिक्चर परत मिळतील पण तो नाही मिळणार, त्याची एक कॉपी दुसरीकडे ठेवाच.

बाहेरून बघायचं असेल तर डाउनलोड नाही, अपलोडचा स्पीड बघा. १०८०पी नीट दिसायला ८ मेगाबिट धरले तर तिघांना २४, आणि घरातल्या बाकी कामाला थोडी जागा हवीच. शिवाय कनेक्शन सीजीनॅटच्या मागे असेल (म्हणजे नेट कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेक घरांना वाटलेला असेल) तर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट सर्व्हरपर्यंत वाट काढणं, होणार नाही, मग टेलस्केलसारखं खासगी नेटवर्कचं काहीतरी लावावं लागतं किंवा आयपीव्ही६ वर जावं लागतं.

आम्हाला फोन करताना टीव्हीचा आणि त्याला लावलेल्या बॉक्सचा मॉडेल नंबर, फाईली साधारण कुठल्या (४के किती, सबटायटल कसली), एका वेळी जास्तीत जास्त किती जण बघणार, त्यातले बाहेरून किती, आणि अपलोड स्पीड एवढं हाताशी ठेवा. जुना पीसी पडून असेल तर त्याच्या प्रोसेसरचा नंबरही सांगा, ८व्या-९व्या पिढीचा इंटेल निघाला, त्यात ग्राफिक्स असलं आणि ४के एव्ही१ फाईली नसल्या तर नवीन काही घ्यायला आम्ही सांगणार नाही, फक्त डिस्क आणि सेटिंगचं बघू.