डोव्हरच्या मतदारांनी आठ जणांना घरी का बसवलं?

८ नोव्हेंबर २००५ रोजी अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात, यॉर्क काउंटीमधल्या डोव्हर या ग्रामीण भागात स्कूल बोर्डाची निवडणूक झाली. बोर्ड नऊ जणांचं. मतदान आठ जागांसाठी. रात्री मोजणी झाली तेव्हा आठही विद्यमान सदस्य पडले होते. नवव्या जागेची मुदत संपलेली नव्हती, म्हणून ती तेवढी वाचली.

एरवी अशी बातमी स्थानिक पेपरच्या आतल्या पानावर येते आणि तिथेच विरते. ही मात्र जगभर छापून आली. कारण या बोर्डाने जीवशास्त्राच्या वर्गात डार्विनच्या जोडीला ‘इंटेलिजंट डिझाइन’ (सजीवांच्या रचनेमागे कुणी बुद्धिमान रचनाकार आहे, ही मांडणी) आणून बसवलं होतं, पालकांनी त्यावर खटला भरला होता आणि त्याची सुनावणी चारच दिवसांपूर्वी संपली होती. निकाल अजून यायचा होता. ‘न्यायाधीशांच्या आधी मतदारांनीच निकाल दिला’ असं तेव्हा बऱ्याच ठिकाणी लिहिलं गेलं. वाक्य टाळ्यांचं आहे, पण डोव्हरमध्ये घडलं ते एवढं सरळ नव्हतं.

आधी हे बोर्ड म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे पहिली ते आठवीच्या पुस्तकात काय छापायचं हे राज्य पातळीवर ठरतं आणि पुस्तक पुण्याच्या बालभारतीतून येतं. महापालिकांची शिक्षण मंडळं होती तेव्हाही त्यांचे सदस्य नगरसेवकच निवडायचे. मतदाराला त्यात थेट हात नव्हता. अमेरिकेत शाळांचे साधारण तेरा हजार जिल्हे आहेत आणि बहुतेक ठिकाणी त्यांचा कारभार लोकांनी थेट निवडून दिलेलं बोर्ड बघतं. शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा घराजमिनीवरच्या करातून येतो. पेन्सिल्व्हेनियात तो कर किती हे बोर्डच ठरवतं. शिक्षकांचे करार, इमारतीचे आराखडे, क्रमिक पुस्तकांची खरेदी हे सगळं याच नऊ बिनपगारी माणसांच्या हातात. राज्य अभ्यासक्रमाची चौकट घालून देतं, पण तिच्या आत बोर्डाला बरीच मोकळीक असते. निवडणूक विषम वर्षी, नोव्हेंबरमध्ये होते. त्या वर्षी ना राष्ट्राध्यक्ष निवडायचा असतो, ना संसद. त्यामुळे मतदान बेताचंच होतं, आणि थोड्याशा जमवाजमवीने बोर्ड ताब्यात येऊ शकतं.

डोव्हरच्या शाळा-जिल्ह्यात डोव्हर गाव आणि भोवतालच्या दोन टाउनशिप येतात. विद्यार्थी सुमारे ३,७००, त्यातले हजारेक हायस्कूलमध्ये. वस्ती प्रामुख्याने गोरी, प्रोटेस्टंट आणि रिपब्लिकन. २००४ च्या निवडणुकीत पेन्सिल्व्हेनिया जॉन केरींकडे गेलं, पण यॉर्क काउंटीने जॉर्ज बुश यांना भरघोस मतं दिली. नास्तिकांचा किंवा शहरी उदारमतवाद्यांचा हा गड नव्हे. निवडणुकीचा अर्थ लावताना ही एक गोष्ट विसरून चालत नाही.

अ‍ॅलन बॉन्सेल २००१ च्या अखेरीस बोर्डावर आले. तेव्हा गावात चर्चा होती हायस्कूलच्या इमारतीची आणि तिच्यापायी वाढणाऱ्या कराची. उत्क्रांतीचा विषय प्रचारात नव्हता. पण जानेवारी २००२ मध्ये बोर्डाच्या एका बैठकीत प्रत्येकाने आपापल्या आस्थेचे विषय मांडले, तेव्हा बॉन्सेल यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर बायबलमधला सृष्टिनिर्मितीचा सिद्धांत होता आणि दुसऱ्यावर शाळेतली प्रार्थना. २००३ च्या बैठकीतही हाच विषय त्यांनी पुन्हा काढला. पुढे न्यायालयात या नोंदी फार महागात पडल्या. बोर्डाचं म्हणणं होतं, आम्ही फक्त विज्ञानाचा विचार केला. आणि त्यांच्याच शाळेच्या कागदांत धर्माची नोंद आधीपासून होती.

ठिणगी पडली जून २००४ मध्ये. शाळेला जीवशास्त्राचं नवं पुस्तक हवं होतं. अभ्यासक्रम समितीचे प्रमुख बिल बकिंगहॅम यांनी त्याला हरकत घेतली: पुस्तक डार्विनवादाने भरलेलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी क्रुसावर प्राण दिले, त्याच्यासाठी आता कुणी उभं राहायचं की नाही, असा सवालही त्यांनी जाहीर बैठकीत केला. ऑगस्टमध्ये त्यांनी सौदाच मांडला. ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे इंटेलिजंट डिझाइनचं पुस्तक घेतलं तरच शिक्षकांना हवं ते पुस्तक मिळेल. मतं चार-चार अशी अडली, एका सदस्येने मत बदललं आणि शिक्षकांचं पुस्तक मंजूर झालं. त्यानंतर ‘पांडाज’च्या साठ प्रती निनावी देणगी म्हणून शाळेत येऊन पडल्या.

१८ ऑक्टोबर २००४ ला बोर्डाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला: डार्विनच्या सिद्धांतातल्या उणिवा आणि इंटेलिजंट डिझाइनसह इतर सिद्धांत यांची विद्यार्थ्यांना जाणीव करून दिली जाईल. विरोधात मत देणाऱ्या तिघांपैकी दोघांनी, जे पतिपत्नी होते, त्याच बैठकीत राजीनामा दिला. नववीच्या वर्गात वाचून दाखवायला एक छोटं निवेदन तयार झालं. डार्विनचा सिद्धांत हे ‘तथ्य नव्हे’, त्यात फटी आहेत, ज्यांना दुसरं मत जाणून घ्यायचं असेल त्यांच्यासाठी ‘पांडाज’ उपलब्ध आहे, असा त्याचा आशय. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला साफ नकार दिला. त्यांच्या मते असं काही विज्ञान म्हणून मुलांसमोर ठेवणं म्हणजे त्यांची दिशाभूल होती. शेवटी जानेवारी २००५ मध्ये शाळेचे प्रशासक स्वतः वर्गात गेले आणि वाचून आले.

त्याआधीच, १४ डिसेंबरला, सरकारी शाळेत धर्माचा पुरस्कार करणं घटनेविरुद्ध आहे, असं म्हणत अकरा पालकांनी केंद्रीय न्यायालयात धाव घेतली होती. पहिल्या वादीच्या आडनावावरून हा खटला ‘किट्झमिलर विरुद्ध डोव्हर’ म्हणून ओळखला जातो.

पण इंटेलिजंट डिझाइन आलं कुठून? याची मुळं १९२५ पर्यंत जातात. टेनेसी राज्याने शाळेत माणसाची उत्क्रांती शिकवायला बंदी घातली होती. तो कायदा मोडल्याबद्दल डेटन गावातल्या जॉन स्कोप्स या शिक्षकाला शंभर डॉलर दंड झाला. असे कायदे १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने आर्कान्सासच्या खटल्यात घटनाबाह्य ठरवले. मग युक्ती बदलली. उत्क्रांती शिकवा, पण तितकाच वेळ ‘निर्मितीविज्ञाना’लाही, म्हणजे विज्ञान म्हणून मांडलेल्या बायबलमधल्या सृष्टिनिर्मितीलाही, द्या, असा कायदा लुइझियानाने केला. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तोही रद्द केला. यानंतर जी मांडणी पुढे आली तिच्यात देवाचं नाव नव्हतं. सजीवांची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की तिच्यामागे कुणीतरी बुद्धिमान रचनाकार असलाच पाहिजे, एवढंच म्हणायचं; तो कोण, ते सांगायचं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ते हे.

भांडं कोर्टात सापडलं. ‘पांडाज’चे जुने खर्डे वादींच्या वकिलांनी मिळवले. १९८७ च्या निकालाआधीच्या खर्ड्यांत ‘निर्मिती’ आणि ‘निर्मितीवादी’ होते. निकालानंतरच्या खर्ड्यांत नेमक्या त्याच जागी ‘डिझाइन’ आणि ‘डिझाइनचे पुरस्कर्ते’ आले, बाकी मजकूर जवळपास तोच. एका ठिकाणी तर बदल करणाऱ्याचा हात अडखळला आणि जुन्या शब्दाचे तुकडे नव्याच्या दोन्ही बाजूंना लटकत राहिले. बार्बरा फॉरेस्ट या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेने ही सगळी वंशावळ साक्षीत उलगडून दाखवली.

बोर्डाच्या बाजूचे मुख्य तज्ज्ञ होते लीहाय विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ मायकल बीही. इंटेलिजंट डिझाइनला वैज्ञानिक सिद्धांत म्हणता यावं म्हणून त्यांनी सिद्धांताची व्याख्या बरीच सैल केली होती. त्या व्याख्येत फलज्योतिषही बसेल का, या उलटतपासणीतल्या प्रश्नाला त्यांना होकार द्यावा लागला. (अमेरिकेला हसण्याआधी आठवावं: २००१ साली आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘ज्योतिर्विज्ञाना’चे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं, आणि त्याविरुद्धची याचिका २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळली गेली.)

हॅरिसबर्गमध्ये २६ सप्टेंबर ते ४ नोव्हेंबर २००५ अशी सुनावणी चालली. शेवटच्या दिवशी बोर्डाच्या वकिलाने मोजून सांगितलं की आज चाळिसावा दिवस, रात्र धरली तर बायबलमधल्या महापुराइतकेच चाळीस दिवस आणि चाळीस रात्री. हे न्यायमूर्तींनी मुद्दाम जुळवून आणलं का? योगायोग खरा, पण त्यामागे ‘डिझाइन’ नाही, असं उत्तर न्या. जॉन जोन्स यांनी दिलं.

इकडे गावात निवडणूक आली होती. मुळात एका वेळी चार किंवा पाचच जागा मतदानाला येतात. पण राजीनाम्यांमुळे ज्या जागा नेमणुकीने भरल्या होत्या त्याही या खेपेला आल्या, म्हणून आकडा आठवर गेला. एका अर्थी बोर्डाच्या स्वतःच्या भांडणानेच मतदाराला एवढी मोठी संधी दिली. विरोधकांनी ‘डोव्हर केअर्स’ नावाने आठ जणांचं पॅनल उभं केलं. त्यात शाळेतले माजी शिक्षक आणि वादींपैकी एक असलेले ब्रायन रेम होते.

पेन्सिल्व्हेनियात शाळा मंडळाचा उमेदवार प्राथमिक फेरीत दोन्ही पक्षांच्या मतपत्रिकेवर नाव घालू शकतो. मे २००५ च्या त्या फेरीत विद्यमान सदस्यांना रिपब्लिकन तिकिटं मिळाली आणि आव्हानवीरांना डेमोक्रॅटिक, जरी त्यांच्यातही नोंदणीकृत रिपब्लिकन होते. म्हणजे रिपब्लिकन बालेकिल्ल्यात ही मंडळी डेमोक्रॅट म्हणून उभी. त्यांची भूमिकाही जपून घेतलेली होती: इंटेलिजंट डिझाइनची चर्चा करायची तर ती ऐच्छिक विषयात, तुलनात्मक धर्माच्या किंवा समाजशास्त्राच्या तासाला करा, विज्ञानाच्या तासाला नको. देवाविरुद्ध मत द्या, असं कुणी म्हणतच नव्हतं. माझ्या मते पॅनलची खरी हुशारी इथे होती. रविवारी चर्चला जाणाऱ्या माणसाला मंगळवारी त्यांना मत देताना स्वतःशी भांडावं लागलं नाही.

निकाल आठ विरुद्ध शून्य दिसतो, पण मतांचं अंतर मोठं नव्हतं. जवळपास अर्धं गाव जुन्या बोर्डाच्याच बाजूने होतं. सोळा उमेदवारांत सर्वांत कमी मतं पडली ती बॉन्सेल यांना. मतदार खटल्याला, इंटेलिजंट डिझाइनला आणि या बोर्डाने ओढवून आणलेल्या एकूण गोंधळालाच कंटाळले होते, असं जिंकलेल्या बर्नाडेट रेंकिंग यांनी सांगितलं, आणि त्यात तथ्य असावं. खटला हरलो तर पालकांच्या वकिलांची फी शाळेच्या, म्हणजे आपल्याच करातून जाणार, हेही लोकांना कळत होतं. ज्यांनी सगळं पेटवलं ते बकिंगहॅम तर निवडणुकीआधीच राजीनामा देऊन राज्य सोडून गेले होते. त्यांना शिक्षा करायची सोय मतदाराकडे उरलीच नाही.

एक निकाल लोंबकळला. एका केंद्रावरच्या यंत्राने इतर उमेदवारांना शंभरेक मतं दाखवली आणि विद्यमान सदस्य जेम्स कॅशमन यांना फक्त एक. त्या केंद्रावर ३ जानेवारी २००६ ला फेरमतदान झालं आणि रेमच निवडून आले.

नोव्हेंबरच्या मतदानानंतर दोन दिवसांतच टीव्हीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांनी डोव्हरकरांना बजावलं: तुमच्यावर संकट आलं तर देवाकडे जाऊ नका, त्याला तुम्ही गावाबाहेर काढलं आहे. योगायोग असा की ज्या दिवशी डोव्हरने मतदान केलं त्याच दिवशी कॅन्सस राज्याच्या शिक्षण मंडळाने सहा विरुद्ध चार मतांनी उत्क्रांतीवर शंका घेणारे विज्ञानाचे निकष मंजूर केले होते. तिथेही २००६ च्या प्राथमिक निवडणुकीत मतदारांनी पारडं फिरवलं आणि २००७ मध्ये ते निकष गेले. म्हणजे आठवड्याभरात अमेरिकेचं मन बदललं वगैरे काही नव्हतं. प्रत्येक ठिकाणी पुन्हा नव्याने मोजणी होत होती.

न्या. जोन्स यांचा १३९ पानांचा निकाल २० डिसेंबरला आला. इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही, ते निर्मितीवादाचंच रूप आहे आणि बोर्डाचा ठराव घटनाबाह्य आहे. जोन्स स्वतः रिपब्लिकन, बुश यांनीच नेमलेले. बोर्डाच्या निर्णयाला त्यांनी थक्क करणारा निर्बुद्धपणा म्हटलं. आपल्या श्रद्धेचा जाहीर अभिमान मिरवणारे सदस्य खरा हेतू झाकण्यासाठी पुन्हा पुन्हा खोटं बोलले, हेही लिहून ठेवलं. त्या साठ प्रतींचे पैसे बकिंगहॅम यांनी आपल्या चर्चमध्ये गोळा केले होते आणि ते बॉन्सेल यांच्या वडिलांमार्फत खर्च झाले होते; जबानीत मात्र दोघांनी कानावर हात ठेवले होते. या निकालानंतर जोन्स यांना धमक्या आल्या आणि काही काळ संरक्षण द्यावं लागलं.

मतदानाचा सर्वांत मोठा परिणाम यानंतर दिसला, आणि त्याची चर्चा कमी होते. जुनं बोर्ड टिकलं असतं तर ते अपिलात जाण्याची दाट शक्यता होती. वरच्या न्यायालयात जिंकलं वा हरलं असतं तरी तो निकाल एकाहून अधिक राज्यांना लागू झाला असता. नव्या बोर्डाला अपील करायचंच नव्हतं. त्यांनी ठराव मागे घेतला आणि पालकांच्या वकिलांना सुमारे दहा लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. खरा खर्च वीस लाखांच्या वर गेला होता. त्यामुळे जोन्स यांचा निकाल देशभर वाचला आणि उद्धृत केला जातो, पण कायद्याने तो बंधनकारक आहे फक्त खटल्यातल्या पक्षांवर, म्हणजे डोव्हरच्या शाळा-जिल्ह्यावर. डोव्हरच्या मतदारांनी आपल्या गावापुरता प्रश्न मिटवला आणि त्याच मताने देशापुरता तो उघडा राहिला.

इतर राज्यांनी यातून वेगळाच धडा घेतला. २००८ साली लुइझियानात राज्यपाल बॉबी जिंदल यांनी सही केलेल्या कायद्यात आणि २०१२ च्या टेनेसीच्या कायद्यात इंटेलिजंट डिझाइनचा उल्लेखही नाही. उत्क्रांतीसारख्या विषयांवर मुलांना ‘चिकित्सक विचार’ करायला शिकवण्याची मोकळीक शिक्षकांना द्यावी, एवढंच त्यात म्हटलं आहे.