रात्रीच्या गाडीने गावी परतताना: न्यूक्लिअर स्कॅन आणि किरणोत्सर्गाच्या भीतीची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, नंदुरबारहून मोठ्या दुखण्यासाठी मुंबई, नाशिक किंवा सुरत गाठणाऱ्या माणसाच्या फाइलीत हल्ली एक चिठ्ठी हमखास सापडते: पेट-सीटी, बोन (हाडांचा) स्कॅन किंवा थायरॉइड स्कॅन. यांनाच न्यूक्लिअर स्कॅन म्हणतात. पैशांची जुळवाजुळव होते, सोबत कोण जाणार ते ठरतं, आणि मग कुणीतरी सांगतं की तिथे किरणोत्सारी औषधाची सुई टोचतात. तिथून घराचा सूर बदलतो. कुणाला ती ‘शेक’ (कॅन्सरवरचा किरणोपचार) देण्यातलीच गोष्ट वाटते, कुणाला केस जातील असं वाटतं. आणि घरातली म्हातारी विचारते, “आते नातूले मांडीवर लेऊ का नको?”

तिचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. किरणोत्सारी औषधं वापरणाऱ्या शाखेतल्या डॉक्टरांनी स्वतःला अनेक दशकं विचारलेला तो प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कोणतं औषध टोचलं यावर बदलतं. ते समजायचं तर थोडं मागे जावं लागतं.

१९११ च्या सुमारास मँचेस्टरला अणुशास्त्रज्ञ रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत जॉर्ज द हेवेशी हा हंगेरियन तरुण काम करत होता. शिशात मिसळलेलं ‘रेडियम-डी’ वेगळं काढायचं काम त्याच्याकडे आलं. खूप धडपडूनही ते निघेना, कारण तो शिशाचाच किरणोत्सारी भाऊबंद होता. मग हेवेशीने प्रश्नच उलटा केला. हे शिशापासून सुटतच नसेल, तर शिसं जिथे जाईल तिथे तेही जाईल आणि किरणांमुळे आपला पत्ता सांगत राहील. माग काढण्याची ही पद्धत त्याने १९१३ मध्ये व्हिएन्नात फ्रिट्झ पानेथ यांच्यासोबत वापरून दाखवली, १९२३ मध्ये झाडाच्या मुळांतून शिसं कसं वर चढतं ते मोजलं, आणि १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. मँचेस्टरमधला एक किस्सा तो पुढे सांगत असे. खानावळीच्या बाईंवर त्याला संशय होता की उरलेलं मांस त्या पुढच्या दिवशी पुन्हा वाढतात. त्याने ताटातल्या उरल्यासुरल्यात चिमूटभर किरणोत्सारी पदार्थ मिसळला आणि नंतरच्या जेवणावर यंत्र धरलं. संशय खरा निघाला. आजच्या प्रत्येक स्कॅनचं तत्त्व या किस्स्यात आहे: वस्तूच्या वागण्यात बदल न करता ती कुठे गेली ते बाहेरून पाहायचं.

माणसावर हे पहिल्यांदा बोस्टनला झालं. १९२५ च्या सुमारास हर्मन ब्लमगार्ट यांनी एका दंडात किरणोत्सारी द्रावण टोचून दुसऱ्या हातात ते कधी पोहोचतं ते मोजलं. निरोगी माणसात साधारण १८ सेकंद लागत.

त्याच दशकात अमेरिकेत रेडियमची बाटलीबंद ‘टॉनिकं’ही विकली जात होती. एबेन बायर्स नावाच्या उद्योगपतीने ‘रेडिथॉर’ नावाचं असं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं. १९३२ मध्ये त्याचा मृत्यू झाला, तोवर जबड्याचं हाड झिजून गेलं होतं. घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग देणाऱ्या, कुंचल्याचं टोक ओठांनी जुळवणाऱ्या कामगार मुलींचे हाल त्याहून वाईट झाले. लोकांच्या मनातली भीती हवेतून आलेली नाही. पण रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे त्याचा किरणोत्सर्ग अर्ध्यावर यायला लागणारा काळ, सुमारे १,६०० वर्षांचं. ते हाडात घर करतं आणि माणूस जिवंत आहे तोवर आतून मारा करत राहतं. म्हणून पुढच्या शास्त्रज्ञांचा शोध उलट्या दिशेने चालला: लवकर विझणारा, शरीरात टिकून न राहणारा पदार्थ.

१९३४ मध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्यूरी यांनी किरणोत्सारी मूलद्रव्यं कृत्रिमरीत्या बनवता येतात हे सिद्ध केलं. अमेरिकेतल्या लॉरेन्स यांच्या सायक्लोट्रॉनमुळे, म्हणजे कणांना प्रचंड वेग देऊन आदळवणाऱ्या यंत्रामुळे, ती हवी तशी मिळू लागली. १९३८ मध्ये लिव्हिंगुड आणि सीबॉर्ग यांना आयोडीन-१३१ सापडलं, आणि मार्च १९४१ मध्ये बोस्टनच्याच सॉल हर्ट्झ यांनी थायरॉइडच्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन उपचार म्हणून पाजलं. थायरॉइड ग्रंथी रक्तातलं आयोडीन स्वतःच ओढून घेते. औषधाला पत्ता द्यावा लागत नाही.

इथे खानदेशाचा एक धागा जुळतो. सातपुड्याच्या रांगांलगतचा पट्टा गलगंडासाठी (थायरॉइड वाढून गळ्याला येणारी सूज) वैद्यकाच्या नोंदींत आहे. डोंगरातलं आयोडीन पावसाने धुऊन जातं, जमिनीत उरत नाही, धान्यात येत नाही. आयोडीनला भुकेलेली ग्रंथी त्याचा कण न् कण पकडते, हे अर्जेंटिनातल्या मेंडोझा भागात १९५१ मध्ये किरणोत्सारी आयोडीन वापरूनच जॉन स्टॅनबरी यांच्या पथकाने मोजून दाखवलं. आपल्याकडे व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे सिद्ध केलं, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. धडगाव-अक्कलकुव्याच्या किराणा दुकानातल्या आयोडीनच्या मिठामागे हा इतिहास आहे. त्यातला एक हिस्सा तर ज्या किरणोत्सारी आयोडीनला आज लोक भितात त्यानेच लिहिला.

भारतात हे सगळं मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) अणुकेंद्रातून आलं. ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली, ‘सायरस’ १९६० मध्ये, आणि रुग्णालयांसाठीचे किरणोत्सारी पदार्थ तिथे तयार होऊ लागले. १९६३ मध्ये मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं, टाटा रुग्णालयाच्या शेजारी. भुसावळ मार्गाने दादरला उतरून परळच्या फुटपाथवर पथारी टाकणाऱ्या खानदेशी कुटुंबांना तो परिसर पाठ असतो.

यंत्रंही याच काळात बदलली. बेनेडिक्ट कॅसन यांचा १९५० च्या सुमाराचा स्कॅनर शेतात नांगर फिरावा तसा रुग्णावरून तासाला तास ओळीने फिरे. हॅल अँगर यांच्या १९५० च्या दशकाच्या अखेरीच्या गॅमा कॅमेऱ्याने सगळं चित्र एकदम टिपायला सुरुवात केली. हा कॅमेरा किरणं सोडत नाही. शिशाच्या जाळीतून गाळून आलेली किरणं त्याच्या स्फटिकावर पडतात, तिथे बारीक चमक उठते आणि ती मोजली जाते. किरणं रुग्णाच्या अंगातून येतात, यंत्र फक्त घेतं. त्यामुळे ‘मला अर्धा तास मशीनखाली ठेवलं, शेजारच्याला दहाच मिनिटं, मला जास्त किरणं लागली’ ही तक्रार गॅमा कॅमेऱ्याला लागू होत नाही. पेट-सीटीमध्ये मात्र सीटीचा भाग खरोखर क्ष-किरण सोडतो.

मग टेक्नेशियम. हे मूलद्रव्य १९३७ मध्ये सेग्रे आणि पेरिए यांना लॉरेन्स यांच्या सायक्लोट्रॉनमधून आलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात सापडलं. त्याचा टेक्नेशियम-९९एम हा प्रकार वैद्यकासाठी जणू मापून घडवलेला: अर्धायुष्य ६ तास, किरणं कॅमेऱ्याला नेमकी पकडता येतील अशी. ६ तासांत अर्धा होणारा पदार्थ दूरच्या गावी न्यायचा कसा, ही अडचण अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या टकर आणि ग्रीन यांनी १९५८ च्या सुमारास सोडवली. टेक्नेशियम पाठवायचंच नाही, त्याचं जनक मॉलिब्डेनम-९९ शिशाच्या डब्यात पाठवायचं. त्याचं अर्धायुष्य ६६ तास. डब्यात टेक्नेशियम तयार होत राहतं आणि सलाइन सोडून रोज काढून घेता येतं. त्यामुळे बोन स्कॅन आणि किडनी स्कॅन महानगरांबाहेर जाऊ शकले.

पेट स्कॅनचं तसं नाही. त्याला एफडीजी नावाचं साखरेसारखं औषध लागतं, त्यावर फ्लोरीन-१८ चढवलेलं असतं आणि त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं. मुंबईच्या सायक्लोट्रॉनमधून निघालेला डबा चार तासांनी नाशिकला पोहोचला तर त्यात पाचवा हिस्साच उरतो. आठ तासांनी जळगावला पोहोचला तर विसावा. आपल्या माणसांना इतका प्रवास का करावा लागतो याचं एक कारण या आकड्यात आहे. देशात पेट स्कॅन आणि त्यासाठीचं वैद्यकीय सायक्लोट्रॉन हे दोन्ही २००२ मध्ये मुंबईत, परळच्या याच केंद्रात पहिल्यांदा आलं.

हेच अर्धायुष्य म्हातारीच्या प्रश्नाचंही उत्तर देतं. दुपारी बाराला सुई टोचली, रात्रीची गाडी पकडली आणि सकाळी सहाला जळगाव स्टेशनावर उतरलात असं धरा. अठरा तास झाले. सुई पेट स्कॅनची असेल तर फ्लोरीनचा साधारण नऊशेवा भाग उरलेला असतो. नातवाला खुशाल मांडीवर घ्या. बोन स्कॅनची असेल तर नुसत्या काळाच्या हिशेबाने आठवा भाग उरतो, लघवीवाटे गेलेलं धरलं तर त्याहून कमी. भरपूर पाणी पिऊन त्या दिवशी तान्ह्या मुलांना फार वेळ कवटाळून बसू नये, एवढं पुरतं. पण उपचाराचं आयोडीन-१३१ असेल तर त्याचं अर्धायुष्य ८ दिवसांचं, अठरा तासांत ते जेमतेम सहा टक्के विझतं. तिथे डॉक्टर वेगळं झोपायला, मुलांपासून आणि गरोदर सुनेपासून काही दिवस लांब राहायला सांगतात ते अक्षरशः पाळायचं. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी मोठा डोस असेल तर रुग्णाला स्वतंत्र खोलीत दाखलच करतात. ‘किरणोत्सारी’ या एकाच शब्दाखाली येणाऱ्या या तीन गोष्टी रुग्णाला वेगवेगळ्या करून सांगितल्याच जात नाहीत, हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

भीतीचा दुसरा प्रवाह बाहेरून आला. १९४५ ला हिरोशिमा-नागासाकी. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिल, आणि लगेच १९८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आयर्लंडहून आलेल्या लोण्याचा खटला. लोणी किरणोत्सारी आहे म्हणून दाद मागितली गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि १९८८ मध्ये ते लोणी खाण्यास सुरक्षित ठरलं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात गेलेल्या किरणोत्सारी कोबाल्टने एकाचा जीव घेतला. ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द आपल्या घरांत येतो तो अशा बातम्यांतून.

आता डोस. जगात माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला लागलेल्या किरणांचं माप) मिळतात. बोन स्कॅनमधून साधारण ४ मिळतात, मुलांच्या किडनीच्या डीएमएसए स्कॅनमधून १ च्या आसपास. एफडीजीतून ७ च्या आसपास, आणि सीटीचे वेगळे. भीती घालवायला केळ्याचं उदाहरण देण्याची पद्धत आहे: केळ्यात पोटॅशियम-४० असतं, तेही किरणोत्सारी. रावेर-यावलच्या माणसाला हे ऐकून गंमत वाटेल, पण मला हे उदाहरण पटत नाही. एका केळ्यात १५ बेकरेलच्या (सेकंदाला फुटणाऱ्या अणूंचं माप) आसपास असतं आणि शरीर जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकतं. बोन स्कॅनची सुई ६० ते ७० कोटी बेकरेलची असते. रुग्णाला धीर द्यायचा तर खरा आकडा सांगून द्यावा.

खरा आकडा असा की धोका शून्य नाही, पण फार लहान आहे. त्याचा अंदाज मुख्यतः अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या, बऱ्याच मोठ्या डोसच्या अभ्यासावरून खाली ओढून काढलेला आहे. केरळच्या करुनागप्पल्लीत वाळूतल्या थोरियममुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग जास्त आहे. तिथल्या सुमारे ७० हजार लोकांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यामुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही. तरीही नियम सावधच ठेवले जातात. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा सामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट, कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने २०. रुग्णाला अशी मर्यादा नाही. तिथे कसोटी एकच: स्कॅनमधून उपचार बदलणार आहे का? हे डॉक्टरांना तोंडावर विचारायचा हक्क रुग्णाला आहे, विशेषतः तीच तपासणी दोन महिन्यांत पुन्हा लिहिली जाते तेव्हा.

दोन गोष्टी लपवू नयेत. पाळी चुकली असेल तर सुईआधी सांगायचं, सासू सोबत असली तरी. अंगावर दूध पाजत असाल तर तेही सांगायचं, कारण एफडीजीनंतर दूध बंद करावं लागत नाही, बाळाला काही तास दुसऱ्याने सांभाळलं की झालं, पण आयोडीन-१३१ आधी ते पूर्ण थांबवावं लागतं. या सूचना बहुतेक ठिकाणी इंग्रजी संमतिपत्रात, सुई टोचायच्या पाच मिनिटं आधी हातात पडतात. त्या तारीख देतानाच, मराठीत, एका पानावर मिळाल्या पाहिजेत, म्हणजे धडगावहून निघालेली बाई घरून निघण्यापूर्वीच बाळाची सोय लावून येईल.