संघीय शिक्षा-मार्गदर्शिका (अमेरिका)

अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत दोषी ठरलेल्या आरोपीला किती कैद द्यायची, हे ठरवताना न्यायाधीश वापरतात ती नियमावली. अंमलबजावणी १ नोव्हेंबर १९८७ पासून. घटक राज्यांचे फौजदारी कायदे स्वतंत्र असल्याने अंमली पदार्थ, शेअर बाजारातील फसवणूक, बंदुका, बेकायदा स्थलांतर अशा संघीय गुन्ह्यांनाच ती लागू होते. तिथल्या बचाव वकिलाला मात्र दंडविधानाइतकीच ही नियमावली पाठ असावी लागते. कारण संघीय न्यायालयात शिक्षा होणाऱ्या आरोपींपैकी शंभरातले नव्वदहून जास्त जण खटला न लढवता गुन्हा कबूल करतात. दोषी की निर्दोष हा वाद बहुतेकदा होतच नाही, वाद होतो तो महिन्यांचा.

पूर्वी सारे न्यायाधीशाच्या मर्जीवर असे. सारख्याच गुन्ह्याला निरनिराळ्या न्यायालयांत निरनिराळी शिक्षा होई आणि त्यातली प्रत्यक्ष किती भोगायची हे पॅरोल मंडळ ठरवी. १९८४ च्या शिक्षा सुधारणा कायद्याने संघीय पॅरोल (म्हणजे मुदतीआधीची सुटका) बंद केला आणि शिक्षा आयोग नेमला. आयोगाने तक्ता तयार केला. उभ्या बाजूला गुन्ह्याच्या ४३ पातळ्या, आडव्या बाजूला पूर्वेतिहासाचे ६ वर्ग, अशा २५८ चौकटी. पातळी २८ आणि पूर्वीचा गुन्हा नाही, तर ७८ ते ९७ महिने. पातळी ४३ म्हणजे जन्मठेप. वेळेत कबुली दिली तर दोन-तीन पातळ्या कमी होतात.

विषमता जावी हा हेतू चांगलाच होता, पण तक्त्याने आरोपीचा माणूसपणा पुसला. मुंबई-पुण्याच्या कोर्टात शिक्षेवर बोलताना वकील सहज म्हणतो, ‘साहेब, घरात हा एकटाच कमावता आहे.’ अमेरिकी नियमावलीने कुटुंब, शिक्षण, नोकरी या गोष्टी एरवी विचारात घेऊ नयेत असे लिहूनच ठेवले होते. भारतात असा तक्ता नाही. दोषसिद्धीनंतर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकून न्यायाधीश निर्णय देतात.

बचाव पक्षाला याहून बोचणारी गोष्ट होती पुराव्याच्या मापाची. दोष सिद्ध करायला ज्यूरीपुढे (सामान्य नागरिकांच्या पंचमंडळापुढे) वाजवी संशयापलीकडचा पुरावा लागतो, पण पातळी वाढवणारी तथ्ये न्यायाधीश एकटाच, ‘हे घडले असण्याची शक्यता अधिक’ एवढ्या आधारावर मान्य करू शके. बुकर नावाच्या आरोपीकडे ९२.५ ग्रॅम क्रॅक (धूर करून ओढायचे, खड्यांच्या रूपातले कोकेन) सापडले. त्यावर तक्त्यानुसार कमाल शिक्षा २१ वर्षे १० महिने बसत होती. न्यायाधीशाने आणखी ५६६ ग्रॅम त्याच्या नावावर धरले आणि ३० वर्षे ठोठावली. १२ जानेवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे ज्यूरीकडून निवाडा मिळण्याच्या आरोपीच्या हक्काविरुद्ध ठरवले. उपाय मात्र अनपेक्षित निघाला: तक्ता रद्द केला नाही, फक्त बंधनकारक न ठेवता सल्ल्यापुरता ठेवला. उपायाचा हा भाग लिहिणारे न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर पूर्वी त्याच शिक्षा आयोगाचे सदस्य होते!

या मोकळिकीचे उदाहरण भारतीय वाचकाला परिचित आहे. गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेच्या संचालक मंडळातली गुपिते फोडल्याबद्दल रजत गुप्ता २०१२ मध्ये दोषी ठरले. हिशोब असा झाला: मूळ पातळी ८, इतरांना झालेल्या नफ्याबद्दल १८, विश्वासघाताबद्दल फक्त २; एकूण २८. ज्या गुन्ह्याचा गाभाच विश्वासघात, तिथे नफ्याला नऊपट वजन. न्यायाधीश जेड रॅकॉफ यांनी या अंकगणितावर कडक टीका केली आणि गुप्तांचे परोपकारी काम व गुन्ह्याचे गांभीर्य दोन्ही तोलून २ वर्षांची कैद व ५० लाख डॉलर दंड दिला. २००५ पूर्वी असे करणे जवळपास अशक्य होते.

संसदेने ठरवलेल्या किमान शिक्षेखाली मात्र न्यायाधीशालाही सहसा जाता येत नाही. १९८६ च्या कायद्यात ५ ग्रॅम क्रॅकला आणि ५०० ग्रॅम कोकेन भुकटीला सारखीच किमान ५ वर्षे होती. क्रॅकचे आरोपी बहुतांशी कृष्णवर्णीय असल्याने हे १०० ला १ प्रमाण वंशभेदी असल्याची टीका झाली. २०१० मध्ये ते १८ ला १ झाले आणि २०१८ च्या ‘फर्स्ट स्टेप’ कायद्याने जुन्या कैद्यांनाही त्याचा लाभ दिला. त्याच कायद्याने आजारी किंवा वृद्ध कैद्याला, तुरुंग प्रशासन अडून बसले तरी, सुटकेसाठी थेट न्यायालयात अर्ज करण्याची वाट मोकळी केली. किमान शिक्षेतून सूट देणारे कलमही त्याने रुंदावले, पण पूर्वेतिहासाच्या तीन अटी ‘आणि’ने जोडल्या होत्या. बचाव वकील म्हणत, तिन्ही एकत्र असतील तरच सूट जाते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवले की एक जरी असली तरी जाते. व्याकरणावरची ही हार कित्येक आरोपींना काही वर्षांच्या कैदेएवढी पडली.

त्याच वर्षी दोन गोष्टी बचावाच्या बाजूने घडल्या. जूनमध्ये न्यायालयाने म्हटले की, आधीचे गुन्हे वेगवेगळ्या प्रसंगी घडले का, हा प्रश्न शस्त्र बाळगणाऱ्या सराईत गुन्हेगारांची शिक्षा वाढवणाऱ्या कायद्यात ज्यूरीनेच सोडवायचा. १ नोव्हेंबरपासून, ज्या आरोपातून ज्यूरीने निर्दोष सोडले त्यातले वर्तन धरून पातळी वाढवणे आयोगाने थांबवले. १९९७ च्या एका निकालाने त्याला मुभा दिली होती, आणि सुटलेल्या आरोपाची शिक्षा का, हे आरोपीच्या घरच्यांना समजावणे कोणत्याही वकिलाला जमत नसे.

१ नोव्हेंबर २०२५ पासून आयोगाने चौकटीबाहेर जाण्याची ठरावीक कारणे सांगणारी पायरीही काढून टाकली. आता हिशोब मांडून झाला की वकील थेट माणसाबद्दल बोलू लागतो.